परदेशातून : पाणी ओतून देण्याआधी

कोल्हापुरात कुणाच्या छातीत पाणी झालं की निम्मं घर म्हणतं, 'टीबीच, दुसरं काय?' उरलेलं निम्मं हळहळतं, 'तिकडं परदेशात पहिल्याच दिवशी सगळे स्कॅन होतात.' इंग्लंडमधून सांगतो, तसं काही नाही. आणि छातीतलं पाणी कॅन्सरमुळेही होतं. डॉक्टरची कॅन्सरच्या संशयाची चिठ्ठी गेल्यापासून २८ दिवसांत कॅन्सर आहे की नाही ते सांगायचं, हे इथलं सरकारी उद्दिष्ट. तेही सगळ्यांच्या बाबतीत पाळलं जात नाही.

टीबीचा अंदाज वेडेपणाचा नाही. तरणं पोर, ताप, पाण्यात भरपूर लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि एडीए (टीबीत वाढणारा पाण्यातला एक घटक) ४०च्या वर, तर आपल्याकडे टीबीच धरावा. गोची होते पन्नाशीनंतर. कॅन्सरच्या पाण्यातही बहुधा लिम्फोसाइटच जास्त असतात. लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरात, एडीएही चढतो. शिवाय पाणी काढल्यावर दम कमी होतोच. टीबीच्या गोळ्यांना गुण आला असं वाटतं आणि दोन महिने जातात.

मला सगळ्यात खुपतं ते मोजमाप. एका वेळी लिटर-दीड लिटर पाणी निघतं (त्याहून जास्त काढू नये, दबलेलं फुफ्फुस एकदम फुललं तर त्यालाच सूज येते) आणि पेशी बघायला जातात बल्बमधले (छोट्या बाटलीतले) पाच मिली. बाकी बादलीत. किमान ५० मिली पाठवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. पाणी कॅन्सरचंच असलं तरी पहिल्या नमुन्यात कॅन्सरच्या पेशी शंभरातल्या साधारण साठच रुग्णांत सापडतात, तेव्हा 'पेशी नाहीत' या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. दुसऱ्यांदा पाठवा. तरी काही नसेल तर परत सुई नको, थोराकोस्कोपी करून (छातीत दुर्बीण घालून) फुफ्फुसाच्या आवरणाचा तुकडा तपासायला घ्या. बाईमाणूस असेल तर स्तन हाताने तपासणं आणि पोटाची सोनोग्राफी हवीच. संकोचापायी नेमकं तेच राहतं.

पाण्याशिवायही कॅन्सर फसवतो. जठराचा किंवा स्तनाचा कॅन्सर फुफ्फुसाच्या लसिकावाहिन्यांत पसरला की कोरडा खोकला येतो, दम वाढत जातो आणि एक्स-रे जवळजवळ साफ. दम्याचे पंप बदलून होतात, तिकडंही आणि इथंही. या वाहिन्यांची जाड झालेली जाळी दिसते ती एचआरसीटीत, म्हणजे फुफ्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये.

इथून उचलावं असं एकच: छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून एकदा एकत्र बसतात. कोल्हापुरात ही मंडळी एकमेकांना चांगली ओळखतात, पण रिपोर्ट पिशवीतून नातेवाईकच फिरवतो. पॅथॉलॉजिस्टच्या हाती येणाऱ्या चिठ्ठीवर ना वय, ना तंबाखू-मिश्री, ना घटलेलं वजन. नुसतं 'प्लुरल फ्लुइड', म्हणजे छातीतलं पाणी.