उजव्या हाताचं काय?

नखावर बदाम काढणं मुळात अवघड नाही. टूथपिकच्या टोकाने लाल रंगाचे दोन ठिपके शेजारी शेजारी टेकवायचे आणि ओले असतानाच दोन्ही खाली तिरपे ओढून एकत्र आणायचे. झाला बदाम. पार्लरमध्ये याच कामाचे बोटागणिक पैसे मोजावे लागतात, म्हणून व्हॅलेंटाइनसाठी हा उद्योग मी घरीच मांडला. खरी अडचण कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. नेलपेंट वाळेपर्यंत बाईला हात नसतात! आणि अमळनेरात, भरल्या घरात, हात नसलेल्या बाईची सोय अजून तरी कोणी केलेली नाही.

नेलपेंट आणि रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात, म्हणून बैठक गॅसपासून लांब, ओसरीवर टाकली. बाटली हलवली तर बुडबुडे येतात, म्हणून तळहातांत फिरवून घेतली. फिकट गुलाबीचा पहिला हात दिला न दिला तोच दूधवाला आला. मी पातेलं मनगटांत धरून त्याच्यापुढे केलं. तो पातेल्याकडे न बघता माझ्या बोटांकडे बघत म्हणाला, "भाजलं का ताई?" मग कुकरची शिट्टी झाली. मग मोबाइल. या काळात नाकाला जी खाज सुटते तिला तर तोडच नाही. एरवी महिनोन् महिने नाकाची आठवण होत नाही.

भाव वाढेल या आशेवर आमच्याकडे मागच्या खोलीत कापूस भरून ठेवलाय. फेब्रुवारी उजाडला तरी भाव जागचा हलत नाही, पण कापूस हलतो. त्याचा एक तंतू तरंगत आला आणि नेमका अनामिकेच्या ओल्या बदामावर बसला. चिमट्याने काढायला गेले तर तंतूबरोबर बदामाची एक बाजूही आली. उरलं ते स्वल्पविराम.

सासरे, म्हणजे नाना, बाजेवर पेपर वाचत होते. त्यांना करमणूक म्हणून मी सांगितलं, की नेलपेंटचा हा चकचकीत पापुद्रा ज्याने धरतो ते नायट्रोसेल्युलोज कापसापासूनही बनवतात. नाना उठून बसले. बाटली हातात घेऊन त्यांनी मागची किंमत वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. "म्हंजे आपलाच कापूस शे ना हा!" एका क्विंटलमध्ये अशा किती बाटल्या होतील याचा हिशोब ते संध्याकाळपर्यंत करत होते. मधूनच "लुटी लिधं" असं ऐकू येत होतं.

वाळण्याचं गणित तर भलतंच फसवं. वरून बोट लावलं तर कोरडं वाटतं, पण आतलं द्रावण उडून जायला तास न् तास लागतात. थर जाड असेल तर वरचा पापुद्रा आधी धरतो आणि खाली सगळा चिखल. म्हणून दोन पातळ हात द्यावेत, मध्ये थांबावं. थांबावं, हे लिहायला सोपं आहे. मी केस मागे सारले आणि करंगळीवर एका केसाची कायमची रेघ उमटली.

एवढं करून झाला तो डावा हात. उजवा रंगवायचा तर ब्रश डाव्या हातात घ्यायचा, आणि माझ्या डाव्या हाताने आजवर पोळपाट धरण्यापलीकडे काही केलेलं नाही. पहिलाच ठिपका नख सोडून कातडीवर पडला. दुसरा त्याला शोधायला गेला.

"काय करी राहिनी व?" सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. आम्ही त्यांना जिजी म्हणतो. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी डावा हात उलटसुलट करून पाहिला, काही बोलल्या नाहीत, आणि पाट ओढून समोर बसल्या. "आण आठे. हात नको हालाडू." जिजींनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काडीने मेंदी काढण्यात उमर घालवलीय. टूथपिक त्यांना काडीपेक्षा लांब वाटली, म्हणून अर्धी मोडून टाकली. मग प्रत्येक नखावर एक बदाम, त्याच्याभोवती मोहरीएवढे ठिपके, आणि अंगठ्यावर मी न सांगता एक वेल. कातडीवर सांडलेलं माझं पाप त्यांनी रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून पुसलं. घरचाच कापूस.

संध्याकाळी आम्ही दोघं धुळे रोडवर शेवभाजी खायला गेलो. जेवायला उजवा हात पुढे, डावा ओढणीखाली. योजना पक्की होती. यांचं लक्ष भाकरी कुस्करताना गेलं. हात धरून, उजेडात नेऊन पाहिला. "अरे, ही तर जिजीची मेंदी!" म्हणाले, आणि आईच्या हातातल्या कलेवर तर्री गार होईपर्यंत बोलत राहिले. शेवटी मी डावा हात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हा मी काढलाय.

"याला काय लागलं?" त्यांनी अगदी मनापासून, काळजीने विचारलं.