सुरतचे १३७७ आणि आमच्या विहिरीवरची केबल

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही-पेन घेऊन बसलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आपल्या धुळे-नंदुरबार-जळगावकडची पोरं सुरतला जातात ती नुसत्या पगारासाठी नाही. पैसेवाल्या शहरात माणूस निर्धास्तही असतो. त्यावर या भाऊंनी लिहिलं: "एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा) २०२३ चा अहवाल उघडा. लाख माणसांमागे सुरतमध्ये १३७७ गुन्हे, देशाची सरासरी २७०. पाचपट! माझ्या भाच्याचा मोबाईल सुरतच्या लिंबायतमध्ये भरदिवसा हिसकावला. तुम्ही नऊ वर्षं तिथे घारी खाल्ली म्हणून आम्हाला गोड गोड सांगू नका."

आकडे तुमचे बरोबर आहेत. भारतीय दंड संहितेखालचे गुन्हे, सुरत १३७७.१, देश २७०.३. पण हे दोन्ही एका मापाने मोजलेले नाहीत, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

देशाचा आणि राज्यांचा दर काढताना ब्युरो त्या वर्षाची अंदाजित लोकसंख्या धरतो. वीस लाखांवरच्या १९ महानगरांचा दर काढताना मात्र २०११ च्या जनगणनेची धरतो. म्हणजे गुन्हे २०२३ चे आणि माणसं २०११ ची! सुरतची लोकसंख्या त्या तक्त्यात ४५.८ लाख आहे. हे शहर २००१ ते २०११ या दहा वर्षांत २८ लाखांवरून तिथवर गेलं होतं. त्यानंतर ते वाढायचं थांबलं असेल का, हे सणानंतर नंदुरबारहून सुरतच्या उधना स्टेशनला जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा न मिळालेल्या कुणालाही विचारा. सचिन, कनसाड हे भाग महापालिकेत आले तेच २०२० मध्ये. सहावीतला सदरा पोरगं कॉलेजात गेल्यावर त्याच्या अंगात घालायचा आणि पोरगं सुजलं म्हणायचं, तसा हा हिशोब.

आता आकडेमोड. १३७७ ला ४५.८ लाखांनी उलटं गुणलं की वर्षाचे साधारण ६३ हजार गुन्हे येतात. समजा आज सुरतमध्ये ७० लाख माणसं आहेत. मग दर येतो ९०० च्या आसपास. पाचपट नाही, पण तिपटीच्या वर उरतोच, तो मी लपवत नाही. आणखी एक पळवाटही घेत नाही: गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून आकडा फुगतो असं कुणी म्हणेल. सीमेवरच्या नवापूरच्या नाक्यावर काय काय पकडलं जातं ते आपल्याला ठाऊकच आहे. पण ते गुन्हे विशेष कायद्यांच्या वेगळ्या रकान्यात जातात, या १३७७ मध्ये ते नाहीत.

मग उरलेली तिप्पट कशाची? त्याच तक्त्यात थोडं वर-खाली बघा. कोची ३१९२.४. कोलकाता ८३.९. या हिशोबाने कोचीतला माणूस कोलकात्यातल्या माणसापेक्षा अडतीस पट धोक्यात जगतो. पटतंय? मला तर नाही. २०२० मध्ये तर अख्खा देश घरात कोंडलेला होता आणि विशेष कायद्यांसकट एकूण गुन्ह्यांचा दर ३८५.५ वरून ४८७.८ वर चढला. कारण सरकारी आदेश मोडल्याचे, कलम १८८ चे गुन्हे एका वर्षात २९ हजारांवरून सहा लाखांच्या पुढे गेले होते. चोर वाढले नव्हते, मास्क न लावणारे सापडले होते. गुन्हा वाढणं वेगळं आणि गुन्ह्याची नोंद वाढणं वेगळं, हे तर ब्युरो स्वतःच अहवालात बजावतो.

आणि नोंद न होणं म्हणजे काय, ते आमच्याकडे शिकावं. तीन वर्षांपूर्वी तापीकाठच्या आमच्या शेतातून विहिरीवरची केबल गेली, शंभरेक फूट. त्याच रात्री शेजारच्या चार विहिरींवरचीही. तांब्याला भाव आहे, चोर केबल बांधावरच जाळून तांबं घेऊन जातात. सकाळी आम्हाला नुसता प्लास्टिकचा काळा गोळा सापडला. पोलीस ठाण्यात गेलो. चहा मिळाला, साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, "बघतो आम्ही" असं आश्वासन मिळालं. एफआयआर नाही, पंचनामा नाही. ऐन केळीच्या पाण्याच्या दिवसांत फेऱ्या मारायला वेळ कुणाला? आम्ही नवी केबल टाकली आणि गप्प बसलो. पाच चोऱ्या, अहवालात शून्य. तुमच्या त्या २७० च्या सरासरीत असली कितीतरी शून्यं आहेत. वास्तविक दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिताकुमारी खटल्यात सांगून ठेवलंय.

शहरात उलटं होतं. गाडीचा विमा असतो, विम्याला एफआयआर लागतो, म्हणून माणूस ठाण्याची पायरी चढतोच. त्यात गुजरातने जुलै २०२२ पासून वाहन आणि मोबाईल चोरीसाठी घरबसल्या ई-एफआयआर सुरू केला. पैसा असलेल्या गावात चोरण्यासारखं जास्त असतं हेही खरंच, पण चोरी कागदावर येण्याची सोयही तिथेच जास्त.

तुलनाच करायची तर खुनाच्या तक्त्यापासून सुरुवात करा. चोरीच्या मोबाईलची करतात तशी प्रेताची "गहाळ" म्हणून बोळवण करणं सोपं नसतं. देशात २०२३ मध्ये २७,७२१ खून झाले, लाखामागे दोन. कुठल्याही शहराचा खुनाचा आकडा घ्या, आजच्या लोकसंख्येने भागा, मग या दोनाशेजारी ठेवा. तेवढ्याने मोबाईल हिसकावणाऱ्याची भीती मोजली जात नाही, पण निदान माप तरी एकच राहतं.

आता तुमचं जे मला लागलं ते. "रात्री दोनला उधना स्टेशनवरून खोलीवर चालत जायचो, कुणी अडवलं तर एवढंच विचारायचं, कथा चालना भाऊ?" (अहिराणीत, कुठे चाललास भाऊ?) असं मी लेखात कौतुकाने लिहिलं होतं. घरी हे वाचून बायको म्हणाली, "तुम्ही चालत होतात. मी एकदा तरी चालले का?" नऊ वर्षांत ती त्या रस्त्याने रात्री नऊनंतर एकटी गेलेली नाही. हे मला तुमची प्रतिक्रिया येईपर्यंत सुचलंही नव्हतं. तुमच्या १३७७ ने सुरत धोक्याची ठरत नाही, तसं माझ्या पायी चालण्याने ती सुरक्षितही ठरत नाही. "श्रीमंत शहर सुरक्षित असतं" हे वाक्य मूळ लेखातून काढलंय, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.

भाच्याला मात्र एक विचारा: त्याच्या हातात जो कागद आहे त्यावर "चोरी" लिहिलंय की "गहाळ"? गहाळ असेल तर तो तुमच्या १३७७ मध्ये नाही, आमच्या केबलसोबत आहे. आणि मोबाईलचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर खोक्यावर असतो, खोकं फेकलं नसेल तर बरं.