'हॅकर म्हणजे चोरच' वाल्या फॉरवर्डला उत्तर

सध्या ग्रुपाग्रुपात एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे हॅकर मुळातच चोर, कायद्यानेही हॅकिंग गुन्हाच, ज्याला सिस्टीम फोडता येते तो कधी ना कधी फोडणारच, आणि एथिकल हॅकर, म्हणजे परवानगी घेऊन सिस्टीममधल्या फटी शोधणारा, हे क्लासवाल्यांनी फी उकळायला काढलेलं नाव. शेवटचं थोडंफार पटतं, तसले क्लास गल्लोगल्ली झालेत. बाकीचं बघू.

मुळातच चोर? अहो, १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात मॉडेल रेल्वेचा क्लब होता, तिथली पोरं रुळांखालच्या वायरी आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) यांच्यात डोकं घालून बसायची आणि एखादं भन्नाट काही जमलं की त्याला हॅक म्हणायची. त्यांच्यातलेच काही जण पुढे कॉम्प्युटरला चिकटले, १९६२ मध्ये पीडीपी-१ मशीनवर स्पेसवॉर हा गेम बनवला. यात चोरलं काय? नंतर घुसखोऱ्या वाढल्या, पेपरांनी सरसकट हॅकर छापलं, तेव्हा हॅकर मंडळींनीच वैतागून चोरांसाठी क्रॅकर हे नाव काढलं. फारसं चाललं नाही ते, असो.

कायद्याचं म्हणाल तर २००० च्या आयटी ॲक्टमध्ये कलम ६६ च्या मथळ्यातच हॅकिंग होतं, हे खरंय. पण २००८ च्या दुरुस्तीत तो शब्दच गेला. आता बघतात काय, तर मालकाची परवानगी होती का आणि काम लबाडीने केलं का. म्हणजे बँकेनेच सिस्टीम तपासायला बोलावलेला माणूस गुन्हेगार नाही, आणि २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी उडवणारे शंभर टक्के गुन्हेगार.

आता 'फोडता येतं तो फोडणारच'. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या डेव्हलपरला टेस्टिंग करताना दिसलं की एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण चहा ओतून आलो असतो. हा गडी मात्र खोदत गेला आणि एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पेरलेला चोरदरवाजा सापडला, तोही 'जिया टॅन' या नावाने दोन-अडीच वर्षं इमानदारीत काम करून, विश्वास कमावून कुणीतरी बसवलेला. बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्स सिस्टीमच्या नेहमीच्या व्हर्जनमध्ये तो पोचला असता तर जगभरचे सर्व्हर उघडे पडले असते. अक्कल दोघांकडेही होती, पण फ्रॉइंडने चावी विकली नाही, सगळ्यांना सांगून टाकलं.

आणि त्याच फॉरवर्डखाली 'माझंही व्हॉट्सॲप हॅक झालं होतं' म्हणणाऱ्यांनो, फोनवरच्या अनोळखी माणसाला सहा आकडी कोड तुम्हीच वाचून दाखवलात ना? मग त्याला कशाला हॅकर म्हणताय, त्याला कॉम्प्युटरमधलं काही यायची गरजच पडली नाही.