म्हणे, मुलांनी पळायचं नाही!

आज दुपारी लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर सूचना आली. "मधल्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी मैदानावर धावू नये. पालकांनी आपल्या पाल्यांना समज द्यावी." गेल्या आठवड्यात दुसरीतली दोन पोरं पळताना एकमेकांवर आपटली, एकाचा ओठ फुटला, त्यावर शाळेने काढलेला हा उपाय. खाली पालकांचे धडाधड अंगठे आणि जोडलेले हात. एकीने तर "खूप छान निर्णय" असंही लिहिलंय. ऑफिसात होते म्हणून गप्प बसले. आता जेवणं उरकलीत, आता लिहिते.

सात वर्षांच्या पोराने पळायचं नाही तर करायचं काय? दोन पोरं आपटली, कारण त्यांना थांबता येत नाही. पळताना समोर बघायचं असतं, वळायच्या आधी वेग कमी करायचा असतो, हे कुणी त्यांना शिकवलेलंच नाही. अक्षर नीट येत नाही म्हणून आपण मुलांची वही काढून घेतो का? गिरवून घेतो ना?

माझी शाळा माण तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. दोन खोल्या, चार इयत्ता आणि एकटे गुरुजी. शनिवारी सकाळची शाळा असली की गुरुजी आम्हाला माणगंगेच्या पात्रात न्यायचे. नदीला पाणी कमी आणि वाळू भरपूर. तिथे ते आम्हाला पडायला शिकवायचे. हो, पडायला! हनुवटी छातीला लावायची, हात ताठ टेकवायचे नाहीत, कोपरं वाकवायची, खांदा खाली घालायचा आणि लोळून उठायचं. आधी बसून, मग उभ्याने, मग चार पावलं पळत येऊन. उडीचंही तसंच. काठावरून वाळूत उडी टाकायची आणि गुडघे वाकवून उतरायचं. गुरुजी आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "तू उतरलीस ते मला ऐकू येता कामा नये."

याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. तेव्हा टीव्हीवर तिला अडथळे ओलांडताना बघून मला काय आठवलं असेल? गुरुजींची ती पाठमोरी आकृती!

आता खरं दुखणं सांगते. गेल्या वर्षी माझी लेक सोसायटीच्या फरशीवर पळताना पडली. हात ताठ टेकवला आणि कोपराच्या वरचं हाड मोडलं. रात्री अकराला ऑपरेशन, आत दोन तारा. डॉक्टर म्हणाले, या वयात कोपर बहुतेक असंच मोडतं, पोरं हात ताठ टेकवून पडतात. मी बाहेर बाकावर बसून रडत होते, आणि डोक्यात एकच होतं. मला पडायला शिकवलं होतं आणि मी तिला शिकवलं नाही. तिला इंग्रजी कविता शिकवल्या, अबॅकसला घातलं. दोन गाद्या टाकून एक संध्याकाळ मला काढता आली नाही.

म्हणून एकट्या शाळेवर राग काढून उपयोग नाही, हे मला कळतं. एका वर्गात साठ पोरं, अंगण फरशीचं, आणि कुणाला खरचटलं तरी पालक भांडायला दारात हजर. बाई घाबरणारच. मान्य.

पण बंदी घालून प्रश्न सुटतो कसा? शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान सक्तीचं केलं, आणि शारीरिक शिक्षणाचा शिक्षक दिला तो सहावी ते आठवीला, तोही अर्धवेळ, तोही पट शंभरच्या वर असेल तर. म्हणजे पाय सावरायला शिकायचं वय पहिली-दुसरीचं आणि शिकवणारा येणार सहावीत! तोवर पीटीचा तास म्हणजे रांगेत उभं राहून हात वर, हात खाली. नाहीतर गणिताचा राहिलेला धडा.

आणि यासाठी लागतं तरी काय? लंगडी घ्या. एका पायावर तोल, मग पाय बदलून पुन्हा. शिवणापाणीत हुलकावणी देणं आणि ऐनवेळी वळणं येतं. डोंगर-पाणीत चढणं-उतरणं. पळता पळता शिट्टी वाजली की पुतळा व्हायचं, यात थांबणं आलं. पैसा लागत नाही, बाईंची वीस मिनिटं लागतात.

रस्त्याचंही तेच. गुरुजी अंगणात फक्कीने रस्ता आखायचे. आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे, परत उजवीकडे, मगच पाऊल. एक पोरगा एसटी व्हायचा. एसटीतून उतरलं की गाडी निघून जाईपर्यंत जागचं हलायचं नाही, तिच्या पुढून तर कधीच जायचं नाही. हे नुसतं तोंडी सांगितलं नव्हतं, वीस-वीस वेळा करून घेतलं होतं. आजही एसटीतून उतरले की माझे पाय आपोआप थांबतात. आमच्या शाळेबाहेर रिक्षांची रांग असते आणि पोरं दोन रिक्षांच्या फटीतून भसकन रस्त्यावर येतात. रिक्षाच्या कडेला थांबायचं, डोकावायचं, मग निघायचं, एवढं कुणी त्यांच्याकडून करून घेतलंय? ग्रुपवर सूचना टाकायला मात्र सगळे तयार.

दुपारी फार संताप झाला होता. आता लिहिता लिहिता जरा निवळलाय. संध्याकाळी हॉलमध्ये गाद्या टाकल्या. लेक आधी तयारच होईना, तो हात अजून छातीशी धरून ठेवते. मग मी लोळून दाखवलं, तिच्या बाबांनी लोळून दाखवलं, तशी ती बसल्या बसल्या एकदा कलंडली. मग म्हणाली, "आई, परत." सात-आठ वेळा झालं. शेवटी मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि तिला पाटावरून उडी मारायला सांगितली. धप्पकन आवाज आला. उद्या परत करू म्हटलं.

शनिवारी साडेनऊला पालकसभा आहे. ती सूचना मागे घ्या आणि पहिली-दुसरीला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं द्या, असं मी मुख्याध्यापकांना सांगणार आहे. गाद्या मी आणते, सुरुवातीला शिकवायलाही येते. आपल्या शाळेचे जे पालक हे वाचताहेत, त्यांनी सोबत यावं. कोण कोण येतंय ते खाली लिहा.