पूर्वज सरदार निघण्याची हमखास रीत

वंशावळ शोधताना आधी एक ठरवून टाका: पूर्वज सरदार होते. मग कष्ट निम्मे होतात, कारण कोणता कागद बघायचा नाही हे आपोआप कळतं.

आजोबांचा मृत्यू दाखला, त्यावरून पणजोबांच्या वारसांचा जमिनीच्या नोंदीतला फेरफार, अशी एकेक पिढी मागे सरकणारी माणसं भित्री. तुम्ही थेट तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन "१८९० चं काढा" म्हणा. गाव विचारलं तर चिडा. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, गाववार बांधलेलं असतं आणि तेव्हाचा तालुका आजचा नसतो, ही डोकेदुखी कारकुनाची.

सालाचं गणित तर मुळीच करू नका. शके १८१२ हे इसवी सन १८१२ च समजा. त्यात ७८ मिळवले की १८९० येतं. न मिळवले तर तेवढी वर्षं जुना पूर्वज फुकट पदरात पडतो. मराठवाड्यातल्यांची तर चंगळच. निजामाच्या महसुली कागदांतल्या फसली सन १३०० मध्ये ५९० मिळवायचे विसरलात की पणजोबा थेट देवगिरीच्या यादवांच्या चाकरीत!

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. 'राणू बिन बाबू, मुलगा', म्हणजे बाबूच्या राणूला मुलगा झाला, संपलं. आडनावही नाही. गावात राणू तीन असतील तर ज्याची जमीन जास्त तो आपला. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही, तेव्हा वाचणाऱ्याला काय वाचायचं ते आधीच सांगून ठेवा. फोटो फक्त त्या एका ओळीचा काढा. रकान्यांची शीर्षकं आली की ती तारीख मृत्यूची की नोंदीची, असले वाद निघतात. शिवाय खालच्याच ओळीत त्याची बायको सापडण्याची भीती: १९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाच्या साथीत एकेका घरातली माणसं पाठोपाठ गेली, सगळ्यांपुढे कारण एकच, 'ताप'. सरदार तापाने जात नसतात. तुम्ही 'रणांगणी' लिहा.

शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबांची जन्मतारीख १ जून दिसेल. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचीही तीच. गुरुजींनी अंदाजाने लिहिली असेल, अशी शंकासुद्धा घेऊ नका.

मधली पिढी जुळत नसेल तर बाबू दोनदा लिहा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहेच. फक्त हा तक्ता जात पडताळणी समितीपुढे नेऊ नका. ती मंडळी प्रत्येक रेघेला कागद मागतात.