काका तिकडेही होते

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करायला घेतलाय, म्हणून हा खटाटोप. नाहीतर सोडून दिला असता. मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडच्या गादीवर हजार वर्षं थोरला मुलगाच बसत आलाय. तिकडे भाऊ भावाच्या जिवावर उठत नाही. आपल्याकडे काकाने नारायणराव पेशव्याचा घात केला, तिकडे काका पुतण्याचा पालक होतो. मुलींना पहिल्यापासून समान हक्क. आणि या शिस्तीच्या जोरावरच त्यांनी आपल्यावर राज्य केलं.

थोरल्या मुलाचं आधी उरकते. १०८७ मध्ये पहिला विल्यम वारला तेव्हा थोरल्या रॉबर्टला फ्रान्सातली नॉर्मंडी मिळाली, इंग्लंड मिळालं धाकट्या विल्यम रूफसला. तो ११०० मध्ये शिकारीत बाण लागून मेला. सगळ्यात धाकट्या हेन्रीने विंचेस्टरचा खजिना ताब्यात घेतला आणि तीन दिवसांत राज्याभिषेक उरकला. रॉबर्ट तेव्हा क्रूसेडवरून परतत होता. ११०६ मध्ये हेन्रीने त्याला लढाईत पकडलं आणि मरेपर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षं, कैदेत ठेवलं.

आता भाऊ आणि काका. हे वाचून डोकंच फिरलं, कारण दोन्हींचा दाखला एकाच घरात आहे. चौथ्या एडवर्डने आपला सख्खा भाऊ जॉर्ज, क्लॅरेन्सचा ड्यूक, याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला, पार्लमेंटपुढे त्याच्याविरुद्ध स्वतः बाजू मांडली आणि फेब्रुवारी १४७८ मध्ये टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात त्याला संपवलं. गोड दारूच्या पिंपात बुडवून मारलं, असं डोमिनिक मॅन्चिनी लिहितो. पिंपाची गोष्ट खरी की खोटी ते सोडा, देहदंडाबद्दल वाद नाही.

हा मॅन्चिनी इटालियन. १४८३ च्या जुलैपर्यंत तो लंडनमध्येच होता आणि त्याच वर्षाअखेर त्याने सगळं लिहून काढलं. म्हणजे या घराण्याला हरवून पुढे गादीवर आलेल्या ट्यूडर राजांना खूश करायला लिहिणाऱ्यांपैकी हा नव्हे. त्या एप्रिलमध्ये चौथा एडवर्ड वारला. मुलगा पाचवा एडवर्ड १२ वर्षांचा, त्याचा भाऊ ९ वर्षांचा. धाकटा काका रिचर्ड राज्याचा संरक्षक झाला. फॉरवर्डवाल्याचा ‘पालक’ तो हाच, तेवढं अर्धसत्य त्याच्या पदरात टाकते. पालकाने पुढे काय केलं? पुतण्याला वाटेत गाठून ताब्यात घेतलं, लंडनला आणून टॉवरमध्ये ठेवलं, धाकट्यालाही आईपासून काढून तिथेच आणलं. मग भावाचं लग्नच बेकायदा होतं असं सांगून दोघांना अनौरस ठरवलं आणि ६ जुलैला स्वतः मुकुट घातला. मुलं आतल्या खोल्यांत हलवली गेली, गजाआडून दिवसेंदिवस कमी दिसू लागली आणि शेवटी दिसेनाशी झाली, असं मॅन्चिनी सांगतो. मुलाचं नाव निघताच माणसांच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याने पाहिलं होतं. खून कोणी केला यावर आजही भांडणं चालतात. गादी कोणी घेतली यावर नाहीत.

नारायणराव गारद्यांच्या हातून मेला तेव्हा १८ वर्षांचा होता. तुलनाच करायची तर धड करा.

मुलींचे हक्क? भावाला कैदेत ठेवणाऱ्या त्याच पहिल्या हेन्रीने आपल्यामागे मुलगी मटिल्डा हिलाच गादी मिळावी म्हणून सरदारांकडून शपथा घेतल्या होत्या. तो मरताच ११३५ मध्ये तिच्या आतेभावाने, स्टीफनने, गादी पटकावली आणि पुढे जवळपास वीस वर्षं यादवी. धाकट्या भावाने बहिणीच्या पुढे जाण्याची रीत तर २०१३ च्या कायद्याने मोडली, तीही २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांपुरती. म्हणून १९५० साली जन्मलेली राजकन्या ॲन आजही धाकट्या भावांच्या, अँड्र्यू आणि एडवर्ड यांच्या, मागे.

१७४६ च्या कलोडेनच्या लढाईनंतर तिथे गादीसाठी लढाई झाली नाही, हे मान्य. १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने गादी सोडली तीसुद्धा कागदावर सही करून. पण हा राजघराण्याचा संस्कार नव्हे, पार्लमेंटचा वचक आहे. १७०१ च्या कायद्याने कॅथलिक वारस सरसकट बाद झाले आणि १७१४ मध्ये रक्ताने जवळचे पन्नासहून जास्त जण ओलांडून जर्मनीतल्या हॅनोवरचा जॉर्ज आणला गेला.

राहता राहिलं आपल्यावरचं राज्य. ते तिकडच्या शिस्तीवर नाही, इकडच्या भाऊबंदकीवर पोसलं. त्याच नारायणरावाच्या काकाला, राघोबादादाला, पेशवाई मिळवून देऊ म्हणत मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये सुरतेचा तह केला आणि बदल्यात साष्टी अन् वसई लिहून घेतली.