वटवाघूळही फू, सौभाग्यही फू

परवा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला आणि तो वाचून वहिनींनी पुतणीने शाळेसाठी कापलेलं लाल कागदाचं वटवाघूळ फाडून टाकलं. मेसेज असा: चिनी लोक घरात कागदातून कापलेलं वटवाघूळ चिकटवतात ती करणी आहे, रोगराई त्यातूनच आली, आकार ओबडधोबड, कारण अडाणी बायकांना चित्र काढता येत नव्हतं, लाल रंग कम्युनिस्टांचा, आणि आता सगळं मशीनवरच होतं. पोरगी तासभर रडत होती.

आधी वटवाघूळच घेतो. चिनी भाषेत त्याच्या नावात 'फू' येतं आणि सौभाग्यालाही 'फू'च म्हणतात. लिहायची अक्षरं वेगळी, उच्चार एकच. साधा श्लेष आहे हो! पाच वटवाघळं कापली की पाच सुखं मागितली: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि म्हातारपणी शांत मरण. आरोग्य मागणारं चित्र, त्यालाच रोगाचं मूळ ठरवायचं? माशाचंही तसंच. मासा 'यू', शिल्लकही 'यू'. म्हणून कमळासोबत मासा कापतात, की दरवर्षी कणगीत धान्य उरू दे.

तोडगे म्हणून कागद कापतात, हे मात्र खरं आहे. पावसाची झड थांबेना की हातात झाडू घेतलेली बाई कापून दारात टांगायची चाल तिकडे आहे. मुलांच्या रक्षणासाठी दोन अंबाड्यांची बाहुली कापतात. आपण मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतो, त्याला कुणी करणी म्हणत नाही.

आता 'ओबडधोबड'. शान्शी प्रांताच्या उत्तरेला डोंगरात कोरलेल्या घरांच्या खिडक्यांना पांढरा कागद लावत. नव्या वर्षाच्या तोंडावर तो बदलायचा आणि त्यावर लाल कातरकाम चिकटवायचं. उजेड मागून येणार, तिथे बारीक रेघा दिसणार कशा? शिवाय सगळा आकार एकसंध राहिला पाहिजे. जोड तुटला की तुकडा गळून पडतो. म्हणून प्राण्याच्या अंगावरची लव म्हणजे करवतीसारखे दाते, कपड्याची घडी म्हणजे चंद्रकोर. पुतणीने कागद दुमडून पंखावर तीन कोरी काढल्या होत्या, पण पंखाचा सांधा फार बारीक ठेवला, म्हणून एक पंख लोंबत होता. हे कात्री हातात घेतल्यावरच कळतं.

लाल रंगाचं काय सांगू! लग्नाचा आणि नव्या वर्षाचा तो रंग पक्षाच्या कितीतरी आधीचा. पक्ष स्थापन झाला 1921 मध्ये. कातरकाम तर त्याहून कितीतरी जुनं. वायव्य चीनमधल्या तुर्फानजवळच्या अस्ताना कबरींत सापडलेली कात्रणं सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत. वर्तुळाकार, घोड्यांच्या आणि माकडांच्या जोड्यांची. युनेस्कोने 2009 मध्ये ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, करणीच्या नाही.

बाजारात लेझरने कापलेला माल पुष्कळ मिळतो, कबूल. म्हणून हाताने कापणाऱ्या बायका खोट्या ठरत नाहीत.

वहिनींना हे सगळं सांगितलं. पुतणी आता नवा लाल कागद दुमडून बसली आहे. एवढंच म्हणालो, पंखाचा सांधा या वेळी जाड ठेव.